टेस्ट त्याच डेटाबेसवर चालवायच्या, ज्यात ग्राहकाचा डेटा आहे

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या अडत्यांकडे चालतं, त्यामागे डेटाबेस तीन, दुकानातल्या पीसीवर एसक्यूलाइट, क्लाउडवाल्यांसाठी पोस्टग्रेस, आणि एका मोठ्या ग्राहकाचा स्वतःचा मायएसक्यूएल सर्व्हर आहे. कोड एकच, पायथन आणि एसक्यूएलअल्केमी (हा ओआरएम, म्हणजे पायथन कोडवरून डेटाबेसच्या क्वेरी बनवून देणारी लायब्ररी). इंटिग्रेशन टेस्ट (कोड आणि डेटाबेस जोडून तपासणाऱ्या) फक्त एसक्यूलाइटवर चालून राहिल्या कारण झटपट होतात. आता लीड म्हणतो तिन्हीवर चालवा, आणि तुझं म्हणणं की ओआरएम आहे ना मधे, मग तेच काम तीनदा कशाला, वेळ किती जाईल, आणि टेस्ट तीन वेळा लिहायच्या का.

तीन वेळा लिहायच्या नाहीत. पण तिन्हीवर चालवायच्याच, यात मी हो-नाही करणार नाही. ओआरएम तुला क्वेरी लिहून देतो, पण त्या क्वेरीचा अर्थ काय लावायचा हे डेटाबेसच ठरवतो, आणि तिघांचं तिथे पटत नाही. एसक्यूलाइटवर पास झालेली टेस्ट एसक्यूलाइटपुरतीच हमी देते.

मी हे पुस्तकातून नाही सांगत आहे. काही वर्षांआधी आम्ही एका सहकारी पतसंस्थेला हिशोबाचं सॉफ्टवेअर दिलं होतं, तिथे मायएसक्यूएल होता आणि आमच्या टेस्ट एसक्यूलाइटवर. वर्षअखेरच्या क्लोजिंग नोंदी दिवसाच्या शेवटच्या क्षणी टाकायच्या म्हणून कोडमधे वेळ धरली होती ३१ मार्च, २३:५९:५९.९९९९९९. पायथनमधे दिवसाचा शेवट म्हटलं की सगळे हेच लिहितात. एसक्यूलाइटमधे एसक्यूएलअल्केमी तारीख टेक्स्ट म्हणून ठेवतो, जशी दिली तशी परत येते, टेस्ट हिरवी. पोस्टग्रेसचा टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतो, तिथेही ठीक. मायएसक्यूएलमधे मात्र नुसतं डेटटाइम लिहिलं तर सेकंदाच्या खालचा एकही आकडा ठेवत नाही, आणि तो आकडा कापून टाकत नाही तर राउंड करतो. म्हणजे ३१ मार्चची ती नोंद डेटाबेसमधे जाऊन बसली १ एप्रिल, ००:००:०० ला. पुढच्या आर्थिक वर्षात! एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमधे काही नाही. ताळेबंद जुळेना, तिथले अकाउंटंट काका दोन दिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते, त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. ते दोन दिवस अजून माझ्या मनाला लागतात, कारण त्या माणसाची काही चूक नव्हती आणि आमची एक टेस्ट मायएसक्यूएलवर चालली असती तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. पुढे आम्ही नोंदीची तारीख साध्या डेट कॉलममधे नेली आणि रिपोर्टची अट "१ एप्रिलच्या आधीचं सगळं" अशी केली, शेवटचा क्षण पकडायच्या भानगडीत पडायचंच नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइमलाही हाच रोग आहे, तिथे .९९९ मिलिसेकंद दिले की दुसरा दिवस उजाडतो, कधी तो ग्राहक आला तर लक्षात ठेव.

तुमचं तर पैशाचंच काम आहे म्हणून दुसरी गोष्ट. एसक्यूलाइटमधे डेसिमल असा खरा प्रकार नाही. न्यूमरिक लिहिलं तरी आत फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश आकडा) जातो, एसक्यूएलअल्केमी त्याबद्दल वॉर्निंगही देतो जी सगळे जण बंद करून ठेवतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल डेसिमल नीट सांभाळतात. म्हणजे तुमच्या बाबतीत उलटं आहे, टेस्ट जिथे चालते तोच डेटाबेस पैशाला कच्चा, आणि कळमन्यातल्या दुकानात तोच बसलाय. माझा सल्ला, रक्कम रुपयांऐवजी पैशांमधे, पूर्ण आकडा (इंटिजर) म्हणून ठेवा, तिन्हीकडे एकच उत्तर येईल. भागाकारही बघून घे, रॉ क्वेरीत (ओआरएमशिवाय हाताने लिहिलेल्या) ७ भागिले २ केलं तर पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट ३ देतात, मायएसक्यूएल ३.५ देतो. हमालीचा दर पोत्यामागे काढणारी एखादी रॉ क्वेरी तुमच्याकडे नक्की असेल.

एसक्यूलाइट एरवीही फार माफ करतो. फॉरेन की (एका टेबलमधल्या नोंदीने दुसऱ्यातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवावं ही अट) त्यात असते पण तपासणं बाय डिफॉल्ट बंद असतं, प्रत्येक कनेक्शनला प्रॅग्मा (सेटिंग बदलायची कमांड) देऊन चालू करावं लागतं. पन्नास अक्षरांच्या कॉलममधे ऐंशी अक्षरांचं नाव टाकलं तर घेतो, इंटिजरच्या कॉलममधे "पाच पोते" असं टेक्स्ट टाकलं तरी घेतो (३.३७ पासून स्ट्रिक्ट टेबल आलेत, पण ते मुद्दाम सांगावं लागतं). मी एसक्यूलाइटची निंदा करत नाही आहे, दुकानातल्या एका पीसीसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्याच्या भरवशावर दुसऱ्या डेटाबेसबद्दल बोलायचं नाही.

आता मराठी डेटा. हे मी जरा लांबवणार कारण इकडे कोणी लक्ष देत नाही, सगळ्यांच्या टेस्ट डेटात "टेस्ट युजर वन" असं रोमन लिपीतलं नाव असतं आणि खऱ्या डेटात गावांची नावं देवनागरीत. "चंद्रपूर" घे. आपण वाचताना चार अक्षरं मोजतो, चं, द्र, पू, र. युनिकोडच्या हिशोबाने ती आठ आहेत, कारण अनुस्वार, हलंत, मात्रा सगळे वेगळे मोजले जातात, आणि यूटीएफ-८ मधे प्रत्येकाचे तीन बाइट म्हणजे चोवीस बाइट. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटला लांबी विचारली तर ८ सांगतात. मायएसक्यूएलचं लेंग्थ फंक्शन २४ सांगतं, ८ हवे असतील तर कॅरॅक्टर लेंग्थ विचारावं लागतं. ओरॅकलमधे तर कॉलमची साइजच बाय डिफॉल्ट बाइटमधे धरतात, दहाचा कॉलम केला तर "नागपूर" सुद्धा मावत नाही, त्याला अठरा लागतात. त्यामुळे माझ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या टेस्ट डेटात चंद्रपूर असतंच, आणि वऱ्हाडे आडनावाचा एक ग्राहक असतो. वऱ्हाडे काऊन? कारण तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मधे न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखे. पोस्टग्रेससाठी हे दोन वेगळे शब्द आहेत, मायएसक्यूएलमधे काय होईल ते कोलेशनवर (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) ठरतं. अडत्याने एका मशीनवर नाव टाकलं आणि दुसऱ्या मशीनवर शोधलं तर शेतकरी सापडत नाही, आणि मग एकाच माणसाची दोन खाती उघडतात. सेव्ह करतानाच एका रूपात आणून ठेवणं हा त्यावरचा उपाय, आणि तो उपाय तिन्ही डेटाबेसवर टेस्ट करणं हे तुझं काम.

कोलेशनचा साधा प्रकार इंग्रजीतही दिसतो. मायएसक्यूएल ८ च्या डिफॉल्ट कोलेशनमधे कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाहीत, म्हणजे एकच ईमेल दोन प्रकारे लिहिला तर युनिक इंडेक्स अडवतो, पोस्टग्रेस दोन्ही ठेवून घेतो. रिकाम्या जागांचंही (नल) तसंच, चढत्या क्रमाने लावलं की पोस्टग्रेसमधे नल शेवटी येतात, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमधे सुरुवातीला. आणि ऑर्डर बाय दिलाच नसेल तर कोणी काही कबूल केलेलं नाही. मायएसक्यूएलमधे बहुतेक वेळा प्रायमरी कीच्या क्रमाने येतं म्हणून सवय लागते, पोस्टग्रेसमधे एखादी रो अपडेट केली की तिची नवी प्रत दुसरीकडे लिहिली जाते आणि क्रम हलतो. "कधी कधी फेल होणाऱ्या" टेस्टमधे हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलंय.

ट्रान्झॅक्शनमधले (सगळे बदल एकत्र पक्के, म्हणजे कमिट, किंवा एकत्र रद्द, म्हणजे रोलबॅक, होतात असा क्वेरींचा गट) फरक जास्त खोल आहेत. पोस्टग्रेसमधे ट्रान्झॅक्शन चालू असताना एक क्वेरी फेल झाली की पूर्ण ट्रान्झॅक्शन बाद, रोलबॅक करेपर्यंत पुढचं काही ऐकत नाही. मायएसक्यूएलमधे डुप्लिकेट कीचा एरर आला तर तेवढं एक स्टेटमेंट मागे जातं, बाकी चालू राहतं. त्यामुळे "आधी इन्सर्ट करून बघू, एरर आला तर पकडून अपडेट करू" असा कोड मायएसक्यूएलवर वर्षानुवर्षे चालतो आणि पोस्टग्रेसवर पहिल्या दिवशी तोंडावर पडतो, तिथे सेव्हपॉइंट (मधली खूण, फक्त तिथपर्यंतच मागे जाता येतं) लावावा लागतो. आयसोलेशनची डिफॉल्ट पातळीही वेगळी, पोस्टग्रेस रीड कमिटेड आणि मायएसक्यूएल रिपीटेबल रीड, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमधे शिल्लक माल दोनदा वाचला आणि मधेच दुसऱ्या कारकुनाने विक्री टाकली तर पोस्टग्रेसला नवा आकडा दिसेल, मायएसक्यूएलला जुनाच.

हं, आता करायचं कसं. टेस्टच्या आत कुठेही डेटाबेसचं नाव येऊ द्यायचं नाही, यूआरएल एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून घ्यायची, आणि एका रनमधे एकच डेटाबेस. पायटेस्टमधे (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) फिक्श्चरला, म्हणजे टेस्टआधीची तयारी करणाऱ्या फंक्शनला, तिन्ही डेटाबेसचे पॅरामीटर देऊन एकाच रनमधे सगळं चालवता येतं, मी करून पाहिलंय, पण मला ते पटलं नाही. एक कंटेनर (डेटाबेस सर्व्हर ज्यात वेगळा चालतो तो डबा) उठला नाही की पूर्ण रन अडकतो, आणि फेल झालेल्या टेस्टची यादी वाचता वाचता डोकं दुखतं. त्यापेक्षा सीआयमधे (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था) मॅट्रिक्स करून, म्हणजे त्याच टेस्ट वेगवेगळ्या सेटिंगने, तीन वेगळे जॉब, तिन्ही समांतर चालतात, वेळ सगळ्यात हळू असलेल्याएवढाच जातो. गिटहब अ‍ॅक्शन्सवर असाल तर मॅट्रिक्सचं फेल-फास्ट बंद कर, ते बाय डिफॉल्ट चालू असतं आणि एक जॉब पडला की बाकीचे रद्द होतात. आपल्याला तर नेमकं हेच बघायचं असतं की एकाच डेटाबेसवर पडलं की तिन्हीवर, त्यावरून अर्धं निदान होतं.

प्रत्येक टेस्टला स्वच्छ डेटाबेस हवा, पण दर वेळी टेबल पाडून उभे केले तर चहा पिऊन येशील तरी संपणार नाही. टेबल रनच्या सुरुवातीला एकदाच, मग प्रत्येक टेस्टभोवती बाहेरचं एक ट्रान्झॅक्शन उघडायचं, सेशन त्याच कनेक्शनवर सेव्हपॉइंटच्या मोडमधे जोडायचं (एसक्यूएलअल्केमी २ मधे त्यासाठी जॉइन ट्रान्झॅक्शन मोड दिलाय), आणि शेवटी रोलबॅक. कोडने आत कमिट केलं तरी बाहेरचं ट्रान्झॅक्शन सगळं पुसून टाकतं. यात तीन खड्डे आहेत. पायथनचा एसक्यूलाइट ड्रायव्हर बिगिन आपल्या मर्जीने पाठवतो त्यामुळे सेव्हपॉइंट गडबडतात, ते हाताने दुरुस्त करावं लागतं, कसं ते एसक्यूएलअल्केमीच्या डॉक्युमेंटेशनमधे दिलंय. मायएसक्यूएलमधे टेस्टच्या आत टेबल बनवलं किंवा बदललं की तिथल्या तिथे कमिट होतं, रोलबॅकला काही उरत नाही. आणि रोलबॅक झाला तरी पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचे ऑटो नंबर मागे येत नाहीत, त्यामुळे "पहिल्या बिलाचा आयडी १ असेल" असं कुठे लिहिलं असेल तर ते काढून टाक. दोन कनेक्शन एकमेकांशी भांडतात का हे बघणाऱ्या टेस्टला मात्र खरा कमिट लागतो, त्या वेगळ्या फोल्डरमधे ठेव, पोस्टग्रेसवर त्यांच्यासाठी टेम्प्लेट डेटाबेसवरून नवी कॉपी काढता येते, फक्त तेव्हा टेम्प्लेटला दुसरं कोणी जोडलेलं नको.

वेग वाढवायला कंटेनरचा डेटा टीएमपीएफएसवर म्हणजे रॅममधे ठेव, पोस्टग्रेसचा एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहिल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद कर. लाइट गेली तर डेटा जाईल, पण टेस्टचाच डेटा आहे, जाऊ दे. फक्त ही सेटिंग चुकूनही ग्राहकाच्या सर्व्हरवर पोचायला नको, फाइलच वेगळी ठेव. आणि लॅपटॉपवर तिन्ही कंटेनर एकदम उठवू नको, आठ जीबी रॅम आणि आपल्याकडचा मे महिना, पंख्याखाली बसून मशीन तापतं आणि सगळंच मंद होतं. लॅपटॉपवर रोज एक पोस्टग्रेस, बाकी सीआयवर.

कंटेनर तयार झाला की नाही हे कसं ओळखायचं यात लोकांचे दिवस जातात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींच्या अधिकृत इमेज पहिल्यांदा सुरू होताना आधी एक तात्पुरता सर्व्हर उठवतात, युजर-डेटाबेस बनवतात, तो बंद करतात आणि मग खरा सर्व्हर सुरू होतो. तात्पुरता सर्व्हर फक्त सॉकेटवर (त्याच मशीनच्या आतली वाट, नेटवर्क नाही) ऐकतो. तुझा हेल्थचेक (सर्व्हर तयार आहे का हे विचारणारी तपासणी) सॉकेटवरून विचारत असेल तर त्याला "तयार आहे" असं उत्तर मिळतं, टेस्ट सुरू होतात आणि नेमका तेव्हाच सर्व्हर रीस्टार्ट होतो. दहापैकी दोनदा बिल्ड लाल, कारण सापडत नाही, मग कोणीतरी स्लीप ३० टाकून मोकळं होतं. स्लीप टाकू नको, हेल्थचेकला होस्ट म्हणून १२७.०.०.१ दे. मायएसक्यूएलच्या क्लायंटला लोकलहोस्ट लिहिलं तर तो सॉकेटनेच जातो, म्हणून आकडेच लिहायचे. टेस्टसाठी कंटेनर उठवणाऱ्या टेस्टकंटेनर्सच्या जावा लायब्ररीत पोस्टग्रेससाठी "कनेक्शन घ्यायला तयार" ही ओळ लॉगमधे दोनदा येईपर्यंत थांबतात, ते याच कारणाने.

आणि स्किप. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. एका प्रोजेक्टमधे आम्ही लिहिलं होतं की मायएसक्यूएलची यूआरएल नसेल तर त्या टेस्ट स्किप करा, हेतू चांगला होता, ज्याच्याकडे मायएसक्यूएल नाही त्याचं काम अडू नये. मग सीआयची कॉन्फिग बदलताना ते व्हेरिएबल गळालं. कित्येक महिने मायएसक्यूएलचा जॉब काही सेकंदात हिरवा होऊन राहिला आणि कोणी विचारलं नाही की इतका लवकर कसा. कळलं ते ग्राहकाच्या फोनने. तेव्हापासून नियम असा की सीआयवर डेटाबेस मिळाला नाही तर जॉब फेल, स्किप फक्त लॅपटॉपवर. एखादी टेस्ट खरंच एका डेटाबेसपुरती असेल तर तिथे कारण पूर्ण वाक्यात लिहायचं, आणि स्किपची संख्या ठरलेल्या आकड्यापेक्षा वाढली तरी बिल्ड लाल.

टेबल उभे करताना मॉडेलवरून थेट बनवू नको, मायग्रेशन (टेबलांची रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या स्क्रिप्ट) चालवून बनव, कारण ग्राहकाकडे मायग्रेशनच चालणार आहे. पोस्टग्रेसमधे मायग्रेशन अर्ध्यात पडलं तर सगळं मागे जातं, मायएसक्यूएलमधे जेवढं झालं तेवढं तसंच राहतं, त्यामुळे तिथे एका मायग्रेशनमधे एकच बदल ठेवा. शिवाय रिकाम्या डेटाबेसवर नाही, मागच्या रिलीजचा थोडा डेटा भरलेल्या डेटाबेसवरही एकदा चालवून बघत जा.

कोडमधे "मायएसक्यूएल असेल तर असं, नाहीतर तसं" हे सगळीकडे पसरू देऊ नको. एक फाइल ठेव, अपसर्टसारखं (नोंद असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट) जिथे तिघांचं सिंटॅक्स वेगळं आहे ते तिथेच. आणि जीएसटीचा हिशोब, बिलाचा फॉरमॅट, असल्या गोष्टींना डेटाबेस लागतच नाही, त्यांच्या टेस्ट या तिहेरी रनमधून बाहेर काढ, वेळेची अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

सुरुवात करताना एक काम कर, काही दुरुस्त न करता आहे तीच सगळी टेस्ट मायएसक्यूएलवर एकदा चालव. भरपूर पडतील, घाबरू नको. त्यातल्या ज्या टेस्टनेच चुकीचं गृहीत धरलंय त्या वेगळ्या काढ, आयडी १ वाल्या, ऑर्डर बाय नसलेल्या. उरतील त्या तुमच्या प्रॉडक्टमधल्या खऱ्या चुका, आणि त्या आजही ग्राहकाकडे चालू आहेत, म्हणून आधी त्या, मग सीआयची सजावट.

पण त्याच्याही आधी त्या मोठ्या ग्राहकाला फोन लाव आणि त्यांच्या सर्व्हरवर व्हर्जनची क्वेरी चालवून काय येतं ते मागव. झॅम्पवर (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) बसवलेलं असेल तर पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं दिसतं पण आत मारियाडीबी असतो, आणि तो आता वेगळा डेटाबेस आहे, इन्सर्टसोबत रिटर्निंग (टाकलेली रो लगेच परत मिळवणं) त्याला १०.५ पासून येतं, मायएसक्यूएलला येत नाही, जेसन कॉलम त्याच्याकडे आतून लाँगटेक्स्टच असतो. किंवा मायएसक्यूएल ५.७ निघेल, ज्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मधेच संपला. जे काही उत्तर येईल नेमकं तेच व्हर्जन मॅट्रिक्समधे टाक, "लेटेस्ट" नाही.